आठची बोट

बुधवार, १६ जुलै १९४७, संध्याकाळ

आषाढ अमावस्या तोंडावर आलेली. देवाब्राह्मणांच्या घरात दिव्याची अवस आणि गिरणगावात, खरं बोलायचं तर, गटारी. त्या वर्षी पंचांगाने एक घोळ घालून ठेवला होता. पुढचा महिना श्रावणच, पण अधिक. म्हणजे उपासतापासाचा निज श्रावण अजून महिनाभर लांब. तेव्हा खरी गटारी ही की पुढची, यावर चाळीच्या कठड्याला टेकून वाद घालायला भरपूर वाव होता. पण गावी जायचं मनात घेतलेला माणूस असले वाद शेवटाला नेत नाही. लालबाग, परळ, गिरगाव इथल्या शेकडो चाकरमान्यांनी आपापल्या सोयीचा निकाल लावला आणि बोचकी बांधायला घेतली.

पेपरांत फाळणीशिवाय दुसरं काही नव्हतं. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलं होतं. शहरात रेशनिंग चालूच होतं. अशा दिवसांत अलिबाग, पोयनाड, पेण, रोहा, माणगाव इकडच्या माणसाला दोन दिवस घरी जाऊन कोंबडी खावीशी वाटली, तर त्यात काही नवल नाही.

प्रश्न होता जायचं कसं. आज ज्यांना अलिबाग म्हणजे शनिवार-रविवारची सहल वाटते, त्यांनी १९४७ चा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल नाही. तो १९७३ ला झाला. पनवेलला रेल्वे नाही. ती १९६४ ची. कोकण रेल्वे १९९८ ची. एसटीसुद्धा नाही, कारण पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला. उरला समुद्र. पण कोकणची मोठी बोटही या दिवसांत बंद. मे महिना सरला की दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या बंदरांची वाहतूक थांबायची ती पावसाळा ओसरेपर्यंत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळीही होडी खुल्या समुद्रात घालत नाही, हा किनाऱ्याचा कायदा सरकारी कायद्याहून जुना.

या कायद्यातून एक फेरी सुटलेली होती. भाऊचा धक्का ते रेवस. ती भर पावसातही चालायची, कारण तिला कुणी समुद्रप्रवास मानतच नव्हतं. बंदराच्या आतली फेरी, तास-दीड तासाचं काम. लोक ‘पलीकडे जातो’ असं म्हणत. माझ्या मते दुसऱ्या दिवशी या फेरीवर बुडालेल्या ‘रामदास’ बोटीच्या अपघाताची सुरुवात इथेच होते, बोट सुटण्याच्या कितीतरी आधी. नकाशावर मुंबई बंदराच्या तोंडाकडे एकदा पाहा. एका बाजूला कुलाब्याचा दांडा, दुसऱ्या बाजूला मांडवा आणि थळचा किनारा, आणि मधलं सगळं नैर्ऋत्येला सताड उघडं. मोसमी वारा येतो तोही नैर्ऋत्येकडूनच. रेवसला जाणाऱ्या बोटीला या उघड्या दारासमोरून जावंच लागतं.

गुरुवार, १७ जुलै, पहाटे चार

घरी पोचायचं म्हणजे एक प्रवास नव्हे, पाच-सहा प्रवास. चाळीपासून ट्राम मिळेल तिथवर चालायचं. ट्रामने माझगावच्या अंगाला. तिथून डोक्यावर बोचकं घेऊन धक्क्यापर्यंत पायपीट. मग बोट. रेवसला उतरलं की खाजगी सर्व्हिस मोटार, ती अलिबागपर्यंत पंधरा मैल. तिथून पुढे कुणाला टांगा, कुणाला बैलगाडी आणि बहुतेकांना स्वतःचे पाय. गाव आत असेल तर शेवटचा टप्पा शेताच्या बांधावरून, गुडघाभर चिखलातून.

अशा प्रवासात घड्याळ प्रत्येक टप्प्याला पुढच्या टप्प्याशी बांधून टाकतं. ट्राम चुकली तर बोट गेली. बोट चुकली तर रेवसची मोटार गेली. मोटार गेली तर अंधार पडायच्या आत गाव गाठणं संपलं. म्हणून सकाळी आठच्या बोटीला महत्त्व. आठच्या बोटीने गेलेला माणूस उजेडात घरी पोचायचा. सगळा दिवस त्या एका खिळ्याला टांगलेला. पाऊस बघून ‘आज नको, उद्या जाऊ’ म्हणणं सोपं वाटतं, पण गिरणीत खाडा मांडून निघालेल्या माणसाकडे तो ‘उद्या’ नसायचा.

तेव्हा पहाटे चारला गाळ्यात कंदील लागले असणार. एकेका गाळ्यात एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहत. पाळीप्रमाणे निजत, पाळीप्रमाणे उठत. त्यांतले दोघे-चौघे निघाले की बाकीच्यांचे निरोप त्यांच्या पिशवीत जात. कुणाची मनिऑर्डर वाचवायची म्हणून हातात दिलेले पैसे, कुणाच्या पोरीसाठी परकराचं कापड, कुणाच्या आईसाठी खोकल्याचं औषध. गावी जाणारा माणूस एकटा कधीच जात नसे.

पहाटे साडेपाच

यावेळी बंदरात ओहोटीचं पाणी अगदी तळाला गेलेलं असणार. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठरल्यासारखं असतं. ओहोटी सकाळी पाच-सहाच्या सुमारास, पूर्ण भरती अकरा-बाराच्या दरम्यान, आणि तीही उधाणाची. म्हणजे आठला सुटणारी बोट चढत्या पाण्यात निघणार आणि बंदराच्या तोंडाशी पोचेल तेव्हा भरती ऐन जोरात असणार. वाऱ्याची दिशा आत, पाण्याची दिशा आत, आणि बोट जाणार त्या दोघांना आडवी.

हे गणित कोळीवाड्यातल्या पोरालाही येतं. लालबागच्या साचेवाल्याला ते येण्याचं कारण नव्हतं. त्याच्या रोजच्या जगात पाण्याचा संबंध चाळीतल्या नळापुरता.

सकाळी सात

भाऊचा धक्का. भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धक्का त्या वेळीही गर्दीचाच. मासळीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे, पत्र्याच्या ट्रंका, छत्र्या, घोंगड्या, आणि या सगळ्यातून फळीवर पाय ठेवण्यासाठी चाललेली रेटारेटी. पाऊस अधूनमधून येत होता. पण जुलैत मुंबईत पाऊस आहे म्हणून कुणी घरी बसत नाही. बसलं असतं तर गिरण्या चार महिने बंद ठेवाव्या लागल्या असत्या.

समोर उभी होती ‘रामदास’. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, सुमारे १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, चारशे टनांच्या घरातली आगबोट. नावामागे एक गोष्ट आहे, आणि ती सांगितली नाही तर या बोटीवर लोकांचा एवढा विश्वास का होता ते कळत नाही. किनारी वाहतूक गोऱ्या कंपन्यांच्या हातात होती तेव्हा कोकणातल्या काही मंडळींनी स्वदेशीच्या भरात सुखकर बोट सेवा सुरू केली. पुढे तिची इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी झाली. एवढं लांबलचक नाव कोकणी माणूस कशाला घेतो! त्याने तिला सरळ ‘माझी आगबोट कंपनी’ करून टाकलं. बोटींना नावं संतांची: तुकाराम, रामदास, अगदी सेंट अँथनीसुद्धा. आपल्या माणसांची बोट, वर संताचं नाव. शंका घ्यायची कशाची?

शंकेला एक जागा मात्र होती. ११ नोव्हेंबर १९२७ ला, एकाच दिवशी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी कोकण किनाऱ्यावर वादळात बुडाल्या होत्या. धक्क्यावर उभ्या असलेल्या चाळिशीच्या प्रत्येकाला ती आठवण असणार. पण वीस वर्षं हा मोठा काळ आहे, आणि फळीवरच्या रांगेत मागचा माणूस ढकलत असतो.

सकाळी पावणेआठ

बोट भरली. खलाशी, कर्मचारी, तिकिटाचे प्रवासी आणि बिनतिकिटाचे धरून सातशेच्या वर माणसं. नोंदींत ७१३ हा आकडा येतो. १७९ बाय २९ फुटांच्या डेकवर एवढी माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे काय, हे गणपतीच्या आदल्या रात्री परळ डेपोत उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. तांडेल म्हणजे कप्तान होते शेख सुलेमान.

पावसाळ्यात अशा बोटींच्या उघड्या बाजूंना ताडपत्र्या बांधत. पाऊस आत येऊ नये, बायकामुलं भिजू नयेत, एवढाच हेतू. आत बसलेल्याला मात्र बाहेरचा समुद्र दिसेनासा होतो, आणि ताडपत्री जसा पाऊस अडवते तशी ती बाहेर पडणारा माणूसही अडवते.

आणखी एक गोष्ट या क्षणी नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचीच किंमत मोजावी लागली. रामदासवर वायरलेस नव्हता. फळी काढून घेतली की त्या बोटीचा किनाऱ्याशी असलेला सगळा संबंध संपत होता, रेवसला ती दिसेपर्यंत.

सकाळी आठ

भोंगा झाला. दोर सुटले. अशा वेळी शेवटच्या मिनिटाला धावत येऊन उडी मारणारे असतातच, आणि धक्क्यावर हात चोळत राहणारेही असतातच. उडी मारणाऱ्यांना त्या वेळी आसपासच्यांनी नशीबवान म्हटलं असेल.

साडेआठ

पहिला अर्धा तास काही वाटत नाही. बॅलार्ड पिअर, गेटवे, नौदलाची गोदी हे सगळं उजव्या हाताला. कुलाब्याची जमीन वारा अडवून धरते. डावीकडे बुचर बेट आणि घारापुरी धुक्यात. प्रवासी स्थिरस्थावर होतात. पानसुपारी निघते. पत्त्यांचा डाव मांडणारे एखाद्या ट्रंकेचा पाट करतात. कुणाला तरी ओळखीचा गाववाला भेटतो. याच अर्ध्या तासाने ‘पलीकडे जाणं’ हे सोपं काम असल्याचा समज वर्षानुवर्षं पक्का केला होता. आजही गेटवेवरून मांडव्याला जाताना पहिल्या पंधरा मिनिटांत बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं फुटतात, ती याच आडोशाच्या जिवावर.

सुमारे नऊ

घटनाक्रम लिहिणाऱ्याची पंचाईत इथे होते. नऊ म्हणजे कुणाचे नऊ? मुंबईत तेव्हा दोन वेळा नांदत होत्या. रेल्वे, टपाल आणि सरकार स्टँडर्ड टाइम पाळत. आणि १९०६ मध्ये वरून लादला म्हणून तो न मानणारे ‘मुंबई टाइम’वर अडून बसले होते, तो ३९ मिनिटं मागे. शहराचा हा हट्ट पन्नाशीच्या दशकापर्यंत टिकला. एकाच दिवशी एकाच बोटीवर दोन माणसांच्या मनगटावर दोन वेगळ्या वेळा असू शकत होत्या.

टायटॅनिक हिमनगाला धडकली ११ वाजून ४० मिनिटांनी आणि बुडाली २ वाजून २० मिनिटांनी, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ते ठाऊक आहे कारण तिथे वायरलेसचे संदेश मिनिटामिनिटाला नोंदले गेले, वाचवायला आलेल्या जहाजाने आपली नोंदवही ठेवली आणि पुढे दोन देशांत चौकश्या झाल्या. रामदासचा शेवटचा तास कुणी कागदावर टिपून घेत नव्हतं. सुटल्यापासून तास-दीड तासात ती गेली, इतकं नक्की.

कुलाब्याचं टोक मागे पडलं आणि आडोसा संपला. आता नैर्ऋत्येचा वारा उजव्या बाजूवर. पावसाची झड वाढली. खुल्या समुद्रातून येणारी लाट बंदरातल्या लाटेसारखी नसते. ती लांब असते, बोटीला खालून उचलते आणि मग सोडते. उजव्या बाजूला बसलेली माणसं भिजायला लागली, बोट हेलकावे खाऊ लागली आणि आत पाणी आलं.

नऊनंतर

बोट काशाच्या खडकाच्या आसपास होती, कुलाब्याच्या टोकापासून दहा-एक मैलांवर. इंग्रजी नकाशांत या खडकाला गल आयलंड म्हणतात. रेवसचा किनारा पाऊस नसता तर इथून दिसला असता.

पुढे जे झालं ते समजायला शास्त्र फारसं लागत नाही. भिजणारा माणूस कोरड्या बाजूला सरकतो. हा त्याचा दोष नव्हे. बसमध्ये खिडकीतून पाणी आलं तर आपणही तेच करतो. पण बोटीवर सातशे माणसं आहेत. त्यांतली तीनशे जरी उजवीकडून डावीकडे आली, तरी काही टनांचं ओझं काही क्षणांत जागा बदलतं. बोट डावीकडे कलते. ती कलली की सामान घसरतं, आत साचलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं. आता घाबरलेली माणसं सावरायला म्हणून पुन्हा जिकडे आधार दिसेल तिकडे धाव घेतात. एरवी लाट उचलते तेव्हा बोट कलते आणि लाट गेली की आपसूक सरळ होते, हाच तिच्या तरण्याचा सगळा आधार. माणसं, सामान आणि पाणी एका अंगाला गेल्यावर ती सरळ व्हायला उसंत लागते. पुढची लाट ती उसंत देत नाही.

खलाश्यांनी लोकांना जागेवर बसा म्हणून सांगितलं असेल, ओरडून सांगितलं असेल. त्या वाऱ्यात, त्या रडारडीत ते किती जणांना ऐकू जाणार होतं? बोयांवरून झटापट झाली, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. मग मोठी लाट आली आणि रामदास आडवी झाली. ताडपत्र्यांच्या आत असलेल्यांना बाहेर पडायला वाटच उरली नाही. बोट उलटायला आणि बुडायला मिनिटंच लागली.

पोहता येणारे किती होते? अलिबाग-रेवसकडची कोळी, आगरी माणसं पोहणारी. पण रोहा-माणगावच्या डोंगराकडचा गडी, गिरगावातला कारकून, लुगडं नेसलेली बाई, तिच्या कडेचं मूल यांनी काय करायचं? भिजलेलं नऊवारी आणि धोतर पायांत गुंडाळलं जातं. पट्टीचा पोहणाराही त्या लाटेत किती वेळ टिकेल याला मर्यादा आहे.

दहा ते बारा

मदत आली ती कुणी बोलावली म्हणून नव्हे. रेवसकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाले होते. त्यांच्या होड्या या माणसांत येऊन पोचल्या. होडी मासळीने भरलेली, उधाणाचा समुद्र, आणि पाण्यात चहूकडे हात. कोळ्यांनी दिवसाची कमाई समुद्रात लोटून दिली आणि माणसं आत घेतली, असं किनाऱ्यावर आजही सांगतात. जे थोडे वाचले त्यांतले बहुतेक या होड्यांमुळे वाचले. एक होडी जास्तीत जास्त किती माणसं घेऊ शकते, आणि त्यानंतर काठाला धरलेला हात सोडवावा लागतो तेव्हा तांडेलाला काय वाटत असेल, हे मी कल्पनेने लिहायचं टाळतो.

भरती अजून चढत होती. चढतं पाणी बंदराच्या आत ओढतं. तरंगणारं जे काही होतं ते, फळ्या, ट्रंका, खुराडे आणि माणसं, सगळं सावकाश मुंबईच्या दिशेने परत निघालं.

दुपारी बारा ते तीन

या दिवसातली सगळ्यांत विचित्र वेळ ही. सहाशे माणसं मेली होती आणि शहर नेहमीसारखं चालू होतं. गिरण्यांचे भोंगे वेळेवर होत होते. खानावळीत पंगती उठत होत्या. गिरगावात कुणी बायको-मुलांना सकाळी बोटीवर बसवून कामावर गेलेला माणूस आता ती रेवसला उतरून मोटारीत बसली असतील, असा हिशेब करत असेल.

आणि रेवसला? तिथे मोटारवाले, टांगेवाले, न्यायला आलेले नातेवाईक ताटकळत होते. बोट आली नाही. हवा पाहता, आज मुंबईहून सोडलीच नसेल. शहाणपणाचं केलं, असंही कुणी म्हटलं असेल. मुंबईला खात्री की बोट पोचली; रेवसला खात्री की बोट निघालीच नाही. दोन्ही टोकांना शहाणी माणसं होती, दोघांचं म्हणणं तर्काला धरून होतं, आणि मध्ये सगळं पाणी होतं. एक वायरलेसचा संच असता तर कित्येक तासांचा हा अंधार पडला नसता. बुडणारी बोट त्याने तरली नसती, पण नौदलाची गोदी काही कोसांवर होती. बोटीपर्यंत लाँच पोचायला तास पुरला असता. पाण्यात तग धरून असलेल्यांना त्या तासाची किंमत काय होती!

दुपारनंतर

शहराला बातमी कुठल्या खात्याने दिली नाही. ती पाण्यातून आली. अलिबागकडचा एक मुलगा, वय दहा-बारा वर्षं, बोयाला धरून तासन्‌तास तरंगत गेटवेच्या बाजूला लागला. त्याने सांगितलं की बोट बुडाली. हा मुलगा पुढे दीर्घायुषी झाला आणि म्हातारपणापर्यंत विचारणाऱ्याला ती हकिकत सांगत राहिला. सातशे माणसांच्या बोटीची खबर महानगराला एका पोराने ओल्या अंगाने येऊन द्यावी, यापेक्षा कठोर शेरा त्या काळच्या बंदर व्यवस्थेवर कुणी मारलेला नाही.

मग कळलेल्यांची रीघ भाऊच्या धक्क्याकडे लागली.

रात्र

लालबाग-परळच्या चाळींत त्या रात्री दिव्याची अवस कशी गेली असेल ते सांगायला नको. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. गिरणगावात माणसं गावावार राहत. गाळा एका गावचा, कधी मजलाच एका तालुक्याचा. त्यामुळे हा आघात शहरभर सारखा पसरला नाही. एका जिन्यावर चार घरांत आकांत आणि पुढच्या जिन्यावर काहीच नाही. तसंच तिकडे गावांतही. घरातला कमावता पुरुष मुंबईला असायचा आणि त्याच्या पैशावर मागे सात-आठ तोंडं असायची. बोटीवरच्या एकेका नावामागे ही तोंडं धरा, मग हिशेब कळेल.

नोंदींत मृतांचा आकडा ६२५ असा येतो. बिनतिकिटाच्यांना कुणी कसं मोजलं असेल, हा प्रश्न उरतोच. पुढचे कित्येक दिवस बंदराच्या दोन्ही किनाऱ्यांना प्रेतं लागत राहिली.

शुक्रवार, १८ जुलै

लंडनमध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची सही झाली. त्या आठवड्याचे अंक काढून पाहणाऱ्याला कळेल की जगात आणि देशात जागा कशाला होती. पंजाब पेटत होता, संस्थानं डळमळत होती, सत्तांतराचे दिवस मोजले जात होते. रामदासची बातमी मोठी होती, पण तिच्या वाट्याला काळ वाईट आला. चौकशी बसली, वायरलेसचा आणि पावसाळी फेऱ्यांचा प्रश्न निघाला. २८ दिवसांनी शहराने रोषणाई केली. ७ ऑगस्टला ट्राम आणि बसगाड्यांची कंपनी पालिकेच्या मालकीची झाली. वर्षभरात एसटी आली. रस्ते झाले, पूल झाले, आणि भाऊच्या धक्क्यावरचा तो प्रवास हळूहळू गरिबाचा आणि सवयीचा तेवढा उरला. टायटॅनिकवर सिनेमे आपण तिकीट काढून पाहिले. स्वतःच्या बंदरातली सहाशे माणसं आपल्याला आठवावी लागतात.

आणि आता

हे सगळं जुनं झालं, असं म्हणता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचला नौदलाची वेगाने येणारी बोट धडकली. हवा स्वच्छ, दिवसाउजेड, किनारा नजरेच्या टप्प्यात, आणि तरी १५ माणसं गेली. लाँचवरच्या अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ‘एवढ्याशा फेरीला कशाला’ हा तोच जुना समज.

गेटवे-मांडवा लाँच आता पावसाळ्यात बंद असतात, ही चांगली गोष्ट. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो जाते, तिच्या पोटात मोटारी मावतात. रेवसच्या लाँचही त्याच धक्क्यावरून सुटतात. यांतल्या कुठल्याही बोटीत बसाल तेव्हा जॅकेट कुठे आहे ते आधी विचारा, मिळेल ते अंगात घाला, मुलांना घाला, आणि शेजारचे हसले तरी काढू नका. बोट जास्त भरली असं वाटलं तर खुशाल उतरा. पुढची फेरी असतेच. आणि बंदर खात्याला एक विनंती: भाऊच्या धक्क्यावर तिकीट खिडकीजवळ एक पाटी लावावी, तारीख १७ जुलै १९४७, बोटीचं नाव आणि मृतांचा आकडा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला वेळ असतो.